‘हो’ म्हणणारा पहिला माणूस

नाशिकमध्ये माझे पंचवीस हजार रुपये बुडाले. ते नेमके कशामुळे बुडाले, हे कळायला मला वर्ष लागलं. आधी वाटायचं, मी मूर्ख आहे. आता तसं वाटत नाही.

मालेगावहून मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या नोकरीसाठी आलो. जून महिना होता. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको, सगळीकडे फोन लावत होतो. बोलणं छान चालायचं. भाडं ठरायचं, ‘बॅचलर चालेल’ असंही ठरायचं. मग नाव विचारलं जायचं. नाव सांगितलं की फ्लॅट कालच गेलेला असायचा. एक काकू तेवढ्या खरं बोलल्या, “माझी हरकत नाही रे, सोसायटीवाले ऐकत नाहीत.” त्यांचा राग नाही आला, उलट बरं वाटलं.

असे अकरा नकार झाले. बाराव्या फोनवरच्या माणसाने नाव ऐकलं आणि म्हणाला, “सलाम आलेकुम भाई, टेन्शन मत लो. अपना ही घर समझो.” त्या एका वाक्यावर मी विकला गेलो.

त्याने चावीने दार उघडून फ्लॅट दाखवला. ओटा स्वच्छ, नळाला पाणी, खाली वॉचमन. मालक कुवैतला असतात, व्यवहार मीच बघतो, म्हणाला. संध्याकाळी अजून दोन पार्ट्या येणार आहेत, टोकन टाकून ठेव. मी पाच हजार टाकले. रात्री डिपॉझिटचे वीस. ॲग्रीमेंटचं विचारलं तर म्हणाला, “अपने लोगों में कागज क्या करना?” रविवारी सामान घेऊन गेलो तर दाराला दुसरंच कुलूप, आणि खाली गादी-बादली घेऊन धुळ्याचा एक मुलगा उभा. त्यानेही त्याच फ्लॅटचं डिपॉझिट भरलं होतं. वॉचमन म्हणाला, त्या माणसाने महिन्याभरासाठी जागा घेतली होती, काल सोडून गेला. मालक कुवैतला नव्हते, ओझरला होते.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या मुलांना घर नाकारलं जातं, यावर आपण खूप बोलतो आणि बोललंच पाहिजे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याची घरं मागून बघितली. दलित आणि मुस्लिम नावांना कसं डावललं जातं, ते २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त छापून आलं. पण नकाराचं दुसरं टोक आपण बघत नाही. ज्याला अकरा ठिकाणी ‘नाही’ ऐकावं लागलंय, तो बाराव्या ‘हो’ची चौकशी करत नाही. त्याला भीती वाटते, जास्त विचारलं तर हाही जाईल. ठगाला हे पक्कं माहीत असतं. तो आपली घाई विकत घेतो आणि वर ‘आपला माणूस’ म्हणून दुवाही घेतो.

आणि कागद मागणं म्हणजे अविश्वास, हे आपल्यात कुठून आलं? कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, हेच सांगते. तरी डिपॉझिट देताना आपल्याला ‘जबान’ पुरते.

कायदाही आपल्या बाजूचा आहे, फक्त कुणी सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. आता नोंदणी आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होते. खरा मालक अंगठा देईल. खोटा मालक तिथेच गळतो. म्हणून मी आता सगळ्यांना एकच हट्ट सांगतो: करार नोंदला जाईपर्यंत डिपॉझिट नाही. त्याआधी महावितरणचं बिल आणि घरपट्टीची पावती मागा, त्यावरचं नाव मालकाच्या आधारशी जुळवा, आणि वॉचमनशी एजंट नसताना बोला. मी वॉचमनला सलाम करून पुढे गेलो होतो. दोन मिनिटं थांबलो असतो तर पैसे वाचले असते.

एक प्रकार न बघताच पैसे घ्यायचा आहे. ‘मी फौजी, बदली झालीय, घर रिकामं आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे परत येतील.’ देवळालीत लष्कर आहे, त्यामुळे नाशिकमध्ये हे खरंही वाटतं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र फसल्यानंतरची. चार दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. अब्बांना काय तोंड दाखवू? त्या चार दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. मी पाचव्या दिवशी केला.

आपल्या जमातींनी, शिक्षणसंस्थांनी जूनमध्ये खात्रीच्या घरमालकांची यादी ठेवावी असं मला वाटतं. यावर माझा एक मित्र म्हणतो, त्याने मुलं पुन्हा वडाळा, जुन्या नाशकातच कोंडली जातील. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण पहिले दोन महिने डोकं टेकायला जागा मिळाली तर मूल गंगापूर रोडला घर शोधताना तेरावा नकारही सोसेल, घाई करणार नाही.

सध्या मी जिथे राहतो त्या चाचांनाही नोंदणीचं बोललो तेव्हा ते रुसले. “हम पे भरोसा नहीं?” मी म्हटलं, आहे, म्हणून तर तुमच्याकडेच मागतोय. दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच आधार कार्ड घेऊन खाली आले.