घोडी उसनी देऊ नये

साखर उसनी द्यावी, वाटीभर डाळ द्यावी. लग्नसराईत पातेली, सतरंज्या, चांदीचं तबकसुद्धा द्यावं. परत आलं तर आलं, नाही आलं तर दोन दिवस चरफडायचं आणि सोडून द्यायचं. पण घोडी उसनी देऊ नये. एका दिवसासाठी नाही, एका तासासाठी नाही, आणि ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून तर मुळीच नाही.

आमच्या ग्वाल्हेरात हे बोललं की लोक तोंडाकडे बघतात. शिंद्यांच्या पागांचं हे गाव. हौसेनं एखादी घोडी पाळणारी घरं इथे अजून आहेत. देवउठनी एकादशी झाली, तिथी निघाल्या, की अशा घरी निरोप येतो, ‘भाड्याची कशाला, तुमची घरचीच द्या ना नवरदेवासाठी.’ बैठकीत बसलेला घरधनी दिलदारपणे म्हणतो, ‘न्या की, त्यात काय विचारायचं!’ घरातल्या बाईला कोणी विचारत नाही आणि घोडीला तर नाहीच.

आता त्या घोडीची रात्र कशी जाते ते बघा. तिचा रोजचा मोतद्दार बरोबर नसतो. खोगीर दुसऱ्याचं, तंग आवळणारा हात अनोळखी. पाठीवर शेरवानीतला भरभक्कम नवरदेव, त्याच्या पुढ्यात भाचा. कानाशी बँड, मागे डीजे, पायाखाली फटाके. आणि घुडचढीला तिला चण्याची डाळ खाऊ घालायची रीत कोण पाळतं? आपणच, बायाच. मूठ मूठ करत वीसजणी डाळ भरवतात, कोणी वर पेढा देते. घोड्याला उलटी होत नाही, हे किती जणींना ठाऊक आहे? पोटात गेलेलं नको ते तो बाहेर टाकू शकत नाही. चंदी अचानक बदलली, दाणा जास्त झाला की पोटशूळ उठतो, आणि त्या दुखण्यानं धडधाकट जनावर एका रात्रीत जातं. भाड्यानं घोडी घेऊन येणारा तिच्यावरच पोट भरतो, म्हणून निदान लगाम धरून शेजारी उभा तरी राहतो. उसनी नेलेल्या घोडीशेजारी कोणीच नसतं. सगळे नाचत असतात.

‘आमच्या भाऊंना घोड्यांची सवय आहे’, असं सांगणारे भेटतात. असेल. पण सवय घोड्यांची असून भागत नाही, त्या एका घोड्याची लागते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंपेक्षा घोड्याची पारख कोणाला होती? जून १८५८ मध्ये त्या याच ग्वाल्हेरात लढता लढता पडल्या. फूलबागेत त्यांची समाधी आहे. शेवटच्या त्या लढाईत त्यांच्याखालचा घोडा नवा होता, नाल्यापाशी येऊन तो अडला, असं इथे पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो. तिच्यातला धडा मात्र घेत नाही. घोडा आणि स्वार यांची ओळख मागून आणता येत नाही.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा. १८७२ चा भारतीय करार कायदा, आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली तर जबाबदारी कोणाची, हे समजावताना उदाहरणं चक्क घोड्याचीच देतो. घोडा खोडीचा आहे हे ठाऊक असून सांगितलं नाही आणि नेणारा पडून जखमी झाला, तर भरपाई देणाऱ्यानं करायची (कलम १५०). फक्त स्वतः बसायला म्हणून नेला आणि घरातल्या दुसऱ्याला बसवलं, तर त्यानं कितीही जपून चालवला तरी, घोडा पडून जखमी झाल्यास भरपाई नेणाऱ्यानं करायची (कलम १५४). छान आहे. पण नणंदेच्या नवऱ्याला नोटीस कोण पाठवणार? तिथे आपली जीभ टाळूला चिकटते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आणि भरपाई मिळाली तरी ती मालकाला. मोडलेला पाय घोडीचाच राहतो.

१९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा तर आणखी पुढे जातो. जनावराला मारलं, झेपेपेक्षा जास्त पळवलं, जास्त ओझं लादलं, तर करणारा दोषी आहेच. पण मालकानं ते होऊ दिलं, किंवा तसं होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर मालकही दोषी. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! इतक्या स्वस्त दंडाला कोण भिणार? म्हणून भीती कायद्याची नको, आपल्याच व्रताची असू द्या. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठ केलेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, अतिभार लादणं, अन्नपाणी रोखणं. वरातीच्या एका रात्रीत यातले किती घडतात ते बोटांवर मोजा. ‘मी कुठे केलं?’ म्हणून सुटका नाही. कृत, कारित, अनुमोदित, तिन्ही सारखेच. संभवनाथ भगवंतांच्या पायाशी घोड्याचं लांछन आहे. तिथे हात जोडायचे आणि दारातली घोडी फटाक्यांत पाठवायची, हे कसं जमतं आपल्याला?

आणखी एक. वरातीत दहा ठिकाणची जनावरं एका हौदावर पाणी पितात. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग असाच दूषित पाण्यातून, चाऱ्यातून पसरतो आणि माणसालाही होतो. झाल्यावर घोड्याला उपचार नाहीत. सरकारी नियमानं त्याला मारून टाकावं लागतं. उसनी गेलेली घोडी हा रोग घेऊन आली, तर तबेल्यातल्या बाकीच्यांनाही धोका. मग डॉक्टर, तपासण्या, धावपळ. वरातीमागून घोडे म्हणतात, ते हेच.

‘दान हा आपला धर्म’ असं सांगून काही जण आपल्याला गप्प करतात. दान आपल्या मालकीचं करायचं असतं. पैसा माझा, धान्य माझं. घोडीचा दम माझा नाही, तिची भीती माझी नाही. दुसऱ्याच्या जिवावर दाखवलेल्या उदारपणाला दान म्हणत नाहीत. ‘बांधून ठेवली की बिघडते, तेवढंच फिरणं होईल’ हा दुसरा शहाणपणा. फिरवायला पहाटेचं मोकळं मैदान असतं. बँडच्या गोंगाटात कोणाचा व्यायाम होतो?

कोणाला घोड्याची खरोखर हौस असेल, तर त्यांनी आपल्या अंगणात यावं. आपला मोतद्दार, आपलं खोगीर, आपली नजर असताना त्यांच्या मुलाला दोन फेऱ्या मारू द्या, चहा पाजा. पण घोडी दाराबाहेर जाणार नाही. पुढच्या लग्नसराईत बैठकीतून ‘न्या की’ ऐकू आलं, तर मैत्रिणींनो, पदराला हात पुसत बाहेर या आणि सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणा. पाहुणे चार दिवस रुसतील, लग्नाचे पेढे येणार नाहीत. न येवोत.