गिऱ्हाइकाचा शब्द

संकेतस्थळावर आपल्या मालाचें नांव वारंवार घेतलें म्हणजे शोधयंत्र प्रसन्न होतें, अशी समजूत बऱ्याच कारखानदारांत आढळते. परंतु शोधयंत्र हें नामस्मरणानें पावणारें दैवत नव्हे. पानाच्या आंत दडविलेल्या ‘कीवर्ड’च्या यादीकडे आपण क्रम लावतांना पाहत नाहीं, असें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलें, आणि शब्दांची खोगीरभरती तर त्याच्या नियमांत गैरच मानली आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रासायनिक कारखान्यांस लागणारे सेंट्रिफ्युगल पंप करण्याचा छोटा कारखाना आहे. माल चोख; पण मागणी येईना, कामगारांचे पगार भागविणें जड जाऊं लागलें. त्याचा मजकूर आम्हीं वाचला. पानोपानीं ‘सर्वोत्तम पंप’!

न्यायशास्त्रांत लक्षणाचे दोष सांगितले आहेत, त्यांतील दोन येथें नेमके लागू पडतात. नुसतें ‘पंप’ म्हटलें तर अतिव्याप्ति. सायकलच्या चाकांत हवा भरूं पाहणारा मुलगाही त्यांत सांपडतो. केवळ आपला मॉडेल-क्रमांक दिला तर अव्याप्ति. तो ज्यास ठाऊक आहे त्यास शोधण्याचें कारणच उरत नाहीं.

खरें पाहतां अडलेला मनुष्य पंप शोधीत नसतो, आपलें दुखणें शोधीत असतो. आंत खडे फिरावे तसा आवाज येतो, दाब पडतो, इंपेलर कुरतडल्यासारखा झिजतो, एवढेंच त्यास दिसतें व तेंच तो टाइप करितो. इंजिनियर यासच कॅव्हिटेशन म्हणतो. पंपाच्या मुखाशीं द्रवाचा दाब त्याच्या बाष्पदाबाखालीं गेला कीं बुडबुडे उठतात. ते अधिक दाबाच्या जागीं पोंचतांच एकदम मिटतात, आणि त्या आघातांनीं धातूवर खड्डे पडतात. द्रव जितका ऊन तितका बाष्पदाब अधिक, म्हणून थंड पाण्यावर निमूट चालणारा पंप कढत पाण्यावर ओरडूं लागतो. हें सारें आमच्या विद्यार्थ्यास तोंडपाठ. पानावर मात्र कोष्टकाच्या कोपऱ्यांत ‘एनपीएसएच’ हीं अक्षरें तेवढीं होतीं.

आम्हीं सुचविलें कीं, शीर्षकच ‘पंप खडखडतो कां?’ असें द्यावें. खालीं कारण, मग उपाय: सक्शन पाइप आंखूड व रुंद करावा, गाळणी साफ करावी, टाकी वर किंवा पंप खालीं घ्यावा. एवढ्यानें न भागल्यास कोणता पंप घ्यावा, तें शेवटीं. ‘एनपीएसएच’ही राहूं द्यावें, कारण पंप निवडणारा इंजिनियर त्याच शब्दानें शोधतो. एका अर्थास अनेक शब्द, हें अमरकोश पाठ केलेल्यास सांगावयास नको.

फुकट उपाय सांगितल्यावर गिऱ्हाईक गाळणी धुऊन निघून जाईल, अशी शंका त्यानें काढली. जाईना बापडें! पुढच्या खरेदीस त्यास कोणाचें नांव आठवेल? अमेरिकेंत जॉन डीअरनें १८९५ सालीं ‘द फरो’ काढलें, आणि किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघालें, तीं नुसत्या दरपत्रकांनीं भरलेलीं नव्हतीं.

आंकड्यांविषयीं मात्र आम्हीं त्यास कठोरपणें बजाविलें. पंपाची चाचणी बहुधा थंड पाण्यावर होते, आणि घेणारा त्यांतून नेणार आम्ल. तें न लिहितां कोष्टक छापलें, तर गळती होईल ती पंपाशेजारीं उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगावर. तेव्हां चाचणी कोणत्या द्रवावर व किती तपमानास घेतली, हें कोष्टकाखालींच, त्याच ठळक टाइपांत छापावें.