चिरंजीव गाडी चालवू लागतात तेव्हा

पूनम सागरसारख्या वसाहतीत गाडी उभी करण्याच्या जागेवरून जितका खल होतो, तितका त्या गाडीच्या विम्यावर होत नाही. चिरंजीव वा कन्या अठरा वर्षांची झाली, की मात्र प्रश्न पडतो : पॉलिसीत त्यांचे नाव घालावे लागेल काय?

ही रीत अमेरिकेतील नातलगांकडून ऐकलेली असते. तिकडे कोवळ्या चालकाचे नाव चढले की हप्ता भरमसाट वाढतो. आपल्याकडे मालकाच्या संमतीने वैध परवानाधारक कोणीही घरची मोटार चालवू शकतो. नाव नोंदवावे लागत नाही. शिकाऊ परवानाही चालतो, मात्र शेजारी परवानाधारक शिकवणारा आणि गाडीवर ‘एल’ अक्षर हवे.

खरा प्रश्न परवान्याचा आहे. सतरा वर्षांच्या मुलाहाती किल्ली दिली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. अपघातग्रस्ताची भरपाई न्यायाधिकरण पुष्कळदा कंपनीस आधी भरायला लावते व नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे अखेर वडिलांची आयुष्यभराची शिल्लकच! शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार पालकास वा मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलास २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. चालक १७ वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले, तेव्हा या कलमाची अनेक घरांत प्रथमच चर्चा झाली.

परवानाधारक मुलाबाबतही एक उणीव राहते. पॉलिसीतील १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण केवळ ‘मालक-चालका’साठी असते. वडिलांच्या नावावरील गाडी चालवताना मुलाच्याच जिवावर बेतले, तर त्यातून काही मिळत नाही. थोडा जादा हप्ता भरून नामनिर्देशित व्यक्तीसाठी असे संरक्षण जोडता येते. मुलाचे नाव लिहायचे ते येथे. ऑनलाइन नूतनीकरणाच्या घाईत ही चौकट बहुधा रिकामी सुटते.

राहिला नो क्लेम बोनस. सलग पाच वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. नवशिक्याने खांबाला घासलेल्या दाराचा दावा केला की ती शून्यावर येते. दुरुस्तीचे बिल आणि जाणारी सूट यांची वजाबाकी कागदावर मांडूनच गॅरेजवाल्यास उत्तर द्यावे.