भाताचा भाव ओलाव्यावर कापला जातो, दाण्यावर मिळत नाही

सिद्धगडाच्या पायथ्याला, मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात गहू फारसा होत नाही. पण गव्हाचा व्यापार कसा चालतो हे आपल्या भात उत्पादकाने एकदा समजून घेण्यासारखे आहे. पाव करणाऱ्याला प्रथिने जास्त आणि चिकट गोळा घट्ट असलेला गहू लागतो, बिस्किटवाल्याला नेमका उलटा, मऊ. पीठ मळून पाण्याखाली धुतले की स्टार्च निघून जाते आणि हातात जो रबरासारखा चिकटा उरतो, त्यावरून कणकेची ताकद कळते. म्हणजे तिथे गव्हाला विचारतात, तू कशाच्या कामाचा?

आपल्या भाताला हे कोणी विचारत नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर, मग ते आदिवासी विकास महामंडळाचे असो की मार्केटिंग फेडरेशनचे, पहिला प्रश्न ओलाव्याचा. मर्यादा १७ टक्के. त्याशिवाय माती-खडे १ टक्का, काडीकचरा १ टक्का, पोचट दाणे ३ टक्के आणि खराब, रंग गेलेले, कोंब आलेले, किडके मिळून ५ टक्के. साधे भात आणि 'अ' दर्जा हा फरक दाण्याच्या लांबी-रुंदीवरून ठरतो. २०२५-२६ च्या हंगामाला साध्या भाताला क्विंटलमागे २३६९ रुपये आणि 'अ' दर्जाला २३८९ असा दर जाहीर झाला. फरक वीस रुपयांचा! पोह्या-चुरमुऱ्याला जाड दाणा लागतो, घरच्या भाताला बारीक. वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते दाण्याच्या गुणावर. सरकारी काट्यावर मात या गुणाचे मोल वीस रुपये.

आता ओलाव्याचा हिशेब बघा, कारण खिशाला कात्री इथेच लागते. २० टक्के ओलाव्याचे १०० किलो भात १७ टक्क्यांवर आणले तर ९६ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे पाणी गेले साडेतीन किलोच्या थोडे वर. केंद्रावर ओले भात परत पाठवतात, तेव्हा गडी, टेम्पो आणि वेळ सगळेच वाया, आणि माणूस दारावरच्या व्यापाऱ्याकडे वळतो. त्याने क्विंटलमागे पाच किलो कापले तर वरचे दीड किलो कशाचे, हे त्याला विचारायला हवे. बहुतेक जण विचारत नाहीत, कारण माल गाडीत चढलेला असतो.

घरी तपासायचे तर बाटलीत भात घ्या, त्यात चमचाभर कोरडे मीठ टाका, दोन-तीन मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवावे. चिकटले नाही तर निर्धास्त जा. दाताखाली दाणा कट्कन फुटतो की दबतो, ही आजोबांची परीक्षाही चुकीची नाही, फक्त अनेक ठिकाणचे दाणे घ्यावेत. पोत्याच्या वरचे भात वाळलेले आणि आतले ओले, हा प्रकार नेहमीचा.

वाळवण्यातही गोम आहे. डांबरी रस्त्यावर भर दुपारी पातळ पसरलेले भात झटपट वाळते, पण दाण्याला आतून तडे जातात. मग गिरणीत तांदळापेक्षा कणी जास्त. एक क्विंटल भाताचे ६७ किलो तांदूळ धरतात, पण कणीचा तोटा गिरणीवाला स्वतःच्या अंगावर घेत नाही, तो पुढच्या भावात काढतो. खळ्यात, ताडपत्रीवर, वरचेवर खालीवर करून, सकाळचे दव गेल्यावर पसरावे आणि संध्याकाळी झाकावे. मोजणीही भात गार झाल्यावर घ्यावी, उन्हात तापलेल्या दाण्यावर यंत्र चुकते.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' वादळाच्या पावसाने कोकणात कापलेले भात शेतातच भिजले होते, बांधावर कोंब आले होते. अशा वर्षी ५ टक्क्यांची अट कोण पाळणार? त्यामुळे ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायकांनी पंचनामा करताना नुसते क्षेत्र न लिहिता दाण्याची अवस्थाही लिहावी. हळव्या भाताच्या कापणीलाच पाऊस लांबतो, आणि खरेदी केंद्रे मात्र पुढे महिनाभराने उघडतात. मधल्या दिवसांत हे भात ठेवायला गावात एक सामाईक ओटा आणि ओलावा मोजायचे एक यंत्र, एवढे ग्रामपंचायतीने आराखड्यात धरले तर पोती उतरवण्याआधीच आकडा शेतकऱ्याच्या हाती असेल.