एका जहाजाची एकोणतीस वर्षे

आमच्या मोरजीच्या वाळूवर रांपणकारांच्या होड्या उलथ्या घालून ठेवलेल्या असतात. जुन्या पद्धतीच्या रांपणीच्या होडीत खिळा नसे; फळ्या काथ्याने शिवीत. मागे एकदा वर्गात आम्ही हे सांगत असता मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मग लोखंडाची मोठी जहाजे आपण केव्हा बांधू लागलो?" आम्ही तेवढ्यापुरते एक वर्ष सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला, कारण त्याचे खरे उत्तर एका वर्षाचे नाही, एकोणतीस वर्षांचे आहे. ते येथे मांडतो.

आपणांस जहाजे बांधता येत नव्हती, असे मुळीच नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत इंग्रजांच्या आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. त्यांतले 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरले, ते इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही जपून ठेवलेले आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीकाठी कातळात कोरलेली मराठ्यांची गोदी कोणीही जाऊन पाहावी. परंतु लाकूड गेले, लोखंड आले. शीड गेले, वाफ आली. आणि राज्य परक्यांचे असल्यामुळे नवी विद्या आमच्या सुतारांच्या हाती आलीच नाही.

आता १९१९ साल घ्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे तोवर रेल्वेची बांधकामे घेणारे कंत्राटदार म्हणून ओळखले जात. लक्ष्मणराव फाटक नावाच्या, एके काळी रेल्वेत कारकून असलेल्या गृहस्थांबरोबर त्यांनी धंद्याला आरंभ केला होता. जहाजांशी त्यांचा काही संबंध नव्हता. ग्वाल्हेरच्या महाराजांनी पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून दिलेले 'लॉयल्टी' हे जहाज विकावयाचे आहे, असे कळताच ते त्यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साह्याने घेतले. नव्या कंपनीला नाव दिले 'सिंदिया'. जहाज मूळचे १८९१ चे, म्हणजे चांगले म्हातारे. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. पुढे हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन ठरला. 'लॉयल्टी'ने मात्र कंपनीला पैसा मिळवून दिला नाही. चार वर्षांतच ती मोडीत निघाली! व्यवहाराच्या दृष्टीने पाहू जाता हा सौदा चुकीचाच म्हणावा लागेल.

लॉर्ड इंचकेप यांची बलाढ्य ब्रिटिश कंपनी समोर उभी होती. तिने भाडी इतकी खाली आणली की, नव्या कंपनीने दमून गाशा गुंडाळावा. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. कंपनी जगली, पण हातपाय बांधून घेऊन. किनाऱ्यावरची वाहतूक देशी जहाजांसाठी राखावी म्हणून साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणले, तेही तडीस गेले नाही. पदरात पडले ते एवढेच की, १९२७ मध्ये मुंबईस 'डफरिन' या जहाजावर हिंदी तरुणांना नाविक अधिकाऱ्याचे शिक्षण मिळू लागले. जहाज चालवावयास शिकवू, बांधावयास नाही, असाच जणू सरकारचा बेत होता.

वालचंदांच्या मनात गोदी होतीच. कलकत्त्याला जागा मागून पाहिली, अटी जमेनात. अखेर विशाखापट्टण ठरले आणि २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. तोवर दुसरे महायुद्ध पेटले होते. १९४२ च्या एप्रिलात जपानी विमानांनी विशाखापट्टणावर बॉम्ब टाकले आणि काम विस्कळीत झाले. ज्याने बावीस वर्षे वाट पाहिली, त्याने आणखी किती पाहावी?

१४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली. सुमारे आठ हजार टन भार वाहणारे हे स्वतंत्र भारतात बांधलेले पहिले मोठे पोलादी जहाज. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितलेले वर्ष ते हेच.

पण गोष्ट येथे थांबत नाही. विशाखापट्टणास बांधलेले जहाज विलायतेत बांधलेल्याहून महाग पडे. अनुभवी कारागीर थोडे, यंत्रे परदेशची. सरकारने जहाजांची मागणी नोंदवून आणि किमतीतला फरक सोसून गोदी तगवली. पण असे किती दिवस चालणार? १९५२ मध्ये 'हिंदुस्थान शिपयार्ड' ही स्वतंत्र कंपनी झाली व दोनतृतीयांश भाग सरकारकडे गेले. उरलेलेही १९६१ मध्ये गेले. हा अन्याय झाला असे काही मंडळी म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. एवढा तोटा एका कंपनीने पिढ्यान्‌पिढ्या सोसावा, ही अपेक्षाच वावगी. मात्र गोदीच्या नावात सोलापूरच्या त्या माणसाची कोठे खूण राहिली नाही, हे मनाला लागते खरे.

गोमंतकाची हकीकत याहून निराळी. वास्को येथे पोर्तुगीज अमदानीत १९५७ मध्ये गोदी निघाली आणि मुक्तीनंतर १९६७ पासून ती 'गोवा शिपयार्ड' झाली. म्हणजे विशाखापट्टणची कोनशिला बसली त्या काळी आमच्याकडे पोलादी जहाजाची गोदी नव्हती. आमच्या डिचोलीच्या डोंगरांतले लोहखनिज मात्र पुढे बार्जांतून मांडवीने खाली उतरून जपानच्या भट्ट्यांकडे जाऊ लागले. त्याच्या पोलादाची किती जहाजे झाली असतील, कोण जाणे!

वालचंद १९५० मध्ये आजारपणामुळे कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे वारले. सिद्धपूर समुद्रापासून फार आत आहे. 'लॉयल्टी' मुंबईहून निघाली होती, त्या तारखेला तीनच दिवसांपूर्वी चौतीस वर्षे पुरी झाली होती.