माळ्यावरची वहिवाट

दसरा सरला की मराठी घरांतून दिवाळीच्या आवराआवरीचा जो उद्योग आरंभतो, त्याचे बारकाईने निरीक्षण केल्यास असे आढळेल की त्यात वस्तूंचे स्थलांतर पुष्कळ होते, उच्चाटन मात्र क्वचितच: माळ्यावरचे घंगाळ खाली येते, चिंचेने लख्ख घासले जाते आणि नवे वर्तमानपत्र अंथरून पुन्हा माळ्यावरच विराजमान होते. बारा वर्षांच्या निर्वेध वहिवाटीने परक्याच्या जमिनीवरही हक्क सांगता येतो म्हणतात. आमच्या घरांतील मोडक्या पाळण्यांनी, बंद पडलेल्या मिक्सरांनी आणि झाकण हरवलेल्या डब्यांनी तो हक्क केव्हाच प्रस्थापित केला आहे, आणि ‘केव्हातरी लागेल’ ही त्यांची सनद आहे.

ज्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या आणि लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे होताना पाहिले, तिच्या संग्रहवृत्तीची थट्टा करण्याचा माझा मानस नाही. माझी तक्रार निराळी आहे. आपण वस्तू देतो, परंतु ती कोणाच्याच उपयोगाची उरली नाही म्हणजे देतो, आणि वर त्यास दान म्हणतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचा असा काही लोंढा लोटला की त्यांचे ढीग रस्त्याकडेला बेवारस पडले, आणि ते निवडून मार्गी लावण्याचे काम पुढे ‘गूंज’ या संस्थेने अंगावर घेतले.

दारी येणारी बोहारीण या बाबतीत आपल्याहून चोख. ती साडी उंबऱ्यावरच उलगडते, उजेडासमोर धरते, घडीवर विरली आहे काय ते दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहते, आणि ‘ताई, यात काय राम नाय, अजून दोन पँटी घाला’ असा निवाडा देऊन स्टीलचे पातेले परत पाटीत ठेवते. तिला तो माल पुढे जुन्या बाजारात खपवायचा असतो. आपल्या दातृत्वाला मात्र असे चिकित्सक गिऱ्हाईक भेटत नाही. मुलाची सायकल त्याला ठेंगणी झाली त्याच वर्षी, गंज चढण्यापूर्वी, दुसऱ्या मुलाकडे गेली पाहिजे. पाठ्यपुस्तके अभ्यासक्रम बदलण्याच्या आत गेली पाहिजेत. आठवण म्हणून ठेवायचे ते खुशाल ठेवावे, पण माळाभर आठवणी कोणालाच नसतात.

घाई करू नये ती फक्त कागदांच्या बाबतीत. वाड्यावाड्यांतील दप्तरे वाळवीच्या आणि वाण्याच्या पुड्यांच्या स्वाधीन होत असता इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, म्हणून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध होऊ शकली, आणि १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ते संग्रहाचे कार्य पुढे चालविले. विजेची जुनी बिले बेलाशक रद्दीत जावोत. परंतु आजोबांच्या पेटीच्या तळाशी रुमालात बांधलेले मोडी कागद निघाले, तर आपणास वाचता येत नाहीत एवढ्याच सबबीवर ते काट्यावर चढवू नयेत. मोडी वाचणारी माणसे अद्याप आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याची नजर त्यांवरून फिरेपर्यंत रद्दीवाल्यास तिष्ठत ठेवण्यास हरकत नाही.