पाण्याचा ताळेबंद मांडता, मग वाटेकरीही मोजा

"धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण आपल्या माढा तालुक्याला नव्याने शिकवावी लागत नाही. सुमारे ११७ टीएमसीचं उजनी धरण याच तालुक्यात आहे. तरीही कुर्डुवाडीच्या आसपासच्या वस्त्यांवर उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते.

यावर सरकारी उत्तर आहे पाण्याचा ताळेबंद. अटल भूजल योजनेत राज्यातले १३ जिल्हे घेतले, त्यात सोलापूर आहे. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती, पिकांनी किती घेतला, याचा हिशेब गावाने मांडायचा आणि त्यावरून आराखडा करायचा. मराठवाडा-विदर्भात पोकरा प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने असा हिशेब करणारं संगणकीय मॉडेल तयार केलं. त्यात जमिनीचा उतार, मातीची खोली, पीक, पाऊस सगळं धरलं जातं.

या शास्त्राला आमचा विरोध नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला दिशा दिली. नदीचा विचार अख्खं खोरं धरून करा, हा त्यांचा आग्रह होता. हिशेब मांडा, हे आम्हीच आधी म्हणतो.

तर मांडूच. सोलापूरचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. म्हणजे एका हेक्टरवर वर्षाला ५५ लाख लिटर पाणी पडतं. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. एक हेक्टर ऊस म्हणजे जवळपास चार हेक्टरांवरचा सगळा पाऊस! तेवढ्यात ज्वारीची कितीतरी शेतं पिकतील. नाबार्ड आणि इक्रिअरने २०१८ साली पिकांची जल-उत्पादकता तपासली. महाराष्ट्राचा ऊस एकरी उताऱ्यात पुढे, पण सिंचनाच्या पाण्याच्या हिशेबात बिहार, उत्तर प्रदेशाच्या मागे, असं त्यात दिसलं. हे माहीत असूनही उसाला हात लावायची कुणाची छाती होत नाही. आराखड्यात मात्र "पाणी जपून वापरा" हा उपदेश सगळ्यांना सारखाच.

खरी मेख पुढे आहे. मॉडेलला मातीची खोली कळते, पण सातबारा कळत नाही. काळी, खोल जमीन ओढ्याकाठी, आणि ती कुणाच्या नावावर असते हे गावात कुणालाही विचारा. आपल्या वाट्याला येतो तो बहुतेक माळ, मुरूम, नाहीतर कसत असलेलं गायरान. माळावर बांध घातले, चर खणले, की मुरलेलं पाणी खालच्या विहिरीला लागतं. खणायला मजूर आमचा, उपसायला मोटार त्यांची. ताळेबंदात मात्र लिहिलं जातं, "गावाची पाणीपातळी वाढली." गावाची म्हणजे कुणाची?

वेगळा हिशेब शक्य आहे, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत उभी केली, ती १९७० च्या दशकात. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणशी ठरला. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला बंदी होती. त्यासाठी संगणक लागला नव्हता, नियत लागली होती.

म्हणून ग्रामसभेत ताळेबंद वाचला जाईल तेव्हा गप्प बसू नका. चार गोष्टी मागा. पिण्याचं पाणी वस्तीनिहाय आधी बाजूला काढा. उरलेल्या पाण्यात भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबाचा वाटा लिहा. विहिरी आणि बोअर कुणाच्या, उपसा किती, हे उघड करा. उसाचं क्षेत्र शिल्लक पाण्यातच बसवा.

२० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर पाण्याची कमतरता नव्हती. प्रश्न हक्काचा होता. शंभर वर्षं होत आली, आता तोच प्रश्न संगणकातल्या तक्त्यात येऊन बसला आहे. त्या तक्त्यात आपला रकाना आपणच घालून घ्यायचा आहे.

जयभीम!